अर्धवट खोचलेली पिन

माझा डावा कान शोभेचा आहे. कानातलं अडकवायला, चष्म्याची दांडी टेकवायला आणि लोकांनी कुजबुजून सांगितलेली गुपितं फुकट घालवायला तो उपयोगी पडतो. सहा वर्षांची असताना मला गालगुंड झालं. गाल आठवड्याभरात उतरले, पण जाताना ते दुखणं डाव्या कानाची नस घेऊन गेलं. घरात कुणालाच कळलं नाही, कारण मलाही कळलं नव्हतं. एका कानाने ऐकणाऱ्या लहान मुलाला सगळं जग तसंच ऐकू येतं असंच वाटत असतं. मग एकदा आजीचा फोन आला. माझ्या उजव्या हातात लाडू होता, म्हणून मी रिसीव्हर डाव्या हातात घेऊन डाव्या कानाला लावला. फोन बंद पडलाय असं समजून ठेवून दिला. आजीने पुन्हा केला, मी पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा आजी आईवर भडकली आणि मग प्रकरण डॉक्टरांपर्यंत गेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी शिट्ट्या ऐकवल्या आणि कागदावर आलेख काढून दिला. उजव्या कानाची रेघ वर सरळ, डाव्या कानाची रेघ जवळपास तळाला. एक कान शाबूत आहे ना, मग काही अडत नाही, असं ते म्हणाले. खरंच फारसं अडलं नाही. रस्ता ओलांडताना हॉर्न कुठून आला ते कळत नाही आणि लग्नाच्या पंगतीत डावीकडे बसलेल्या माणसाला मी शिष्ट वाटते, एवढंच.

अडलं ते गाण्यांपाशी, आणि तेही फार उशिरा लक्षात आलं.

आम्ही भोसरीत राहायचो. बाबा एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला होते, म्हणजे इलेक्ट्रिशियन, फिटर आणि वेळ पडली तर हमाल. २०१० च्या सुमारास दादाने कॉलेजात गेल्यागेल्या हट्टाने नोकियाचा ५१३० एक्सप्रेसम्युझिक मिळवला. लाल पट्ट्या असलेला, बाजूला गाण्यांची वेगळी बटणं असलेला फोन. त्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे त्याला साधी साडेतीन एमएमची पिन चालायची. त्याआधी घरात जे फोन होते त्यांची भोकं ज्याची त्याची वेगळी होती. याला मात्र बसस्टँडवर मिळणारा पन्नास रुपयांचा इअरफोन चालायचा. सकाळी पीएमपीएमएलच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो, तो कॉलेजला, मी शाळेला. एक वायर, दोन कान. डावी बाजू त्याची, उजवी माझी, हे न बोलता ठरलेलं होतं. इतर भावंडांत ह्याच्यावरून भांडणं होत असतील. आमच्यात नाही झाली.

एक दिवस घाईत उलटं झालं. मला एलची बाजू आली. कान तोच उजवा, गाणंही तेच, रोजचं, तोंडपाठ असलेलं. आणि त्या गाण्यात बासरी होती. मी दादाला कोपराने ढोसलं. म्हटलं, हे कुठलं दुसरं व्हर्जन आहे? तो म्हणाला, कसलं दुसरं, तेच आहे. बासरी कधीपासून? पहिल्यापासून. मी तेरा वर्षांची होते आणि वर्षभर रोज ते गाणं ऐकत होते. बासरी डावीकडे मुद्रित केलेली होती आणि डावीकडचं सगळं दादाच्या कानात जात होतं. त्या आठवड्यात मी फोनमधली सगळी गाणी दोनदोनदा ऐकली, एकदा ह्या बोंडाने, एकदा त्या बोंडाने. जुन्या गाण्यांना काही फरक पडत नव्हता, ती मुळातच मोनो, दोन्हीकडे सारखी. नव्या गाण्यांमध्ये मात्र खजिना निघाला. कुठे गिटार, कुठे कोरसातल्या बायका, कुठे नुसताच एक खुळखुळा.

बाबांना सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. बाबा असेच आहेत, ऐकून घेतात आणि दोन दिवसांनी हातात काहीतरी घेऊन येतात. रविवारी त्यांनी मल्टीमीटर काढला आणि पिनीवरच्या त्या काळ्या रेघा मला पहिल्यांदा कशासाठी असतात ते दाखवलं. टोकाचा भाग म्हणजे डावा, मधली कडी म्हणजे उजवा, मुळाशी असलेला भाग म्हणजे दोघांच्या करंटची परतीची वाट. प्रोब टेकवला की मीटर पीं करून ओरडायचा आणि कुठली वायर कुठे जाते ते कळायचं. ज्याला शाळेत विज्ञान म्हणतात ते मला त्या पीं मध्ये पहिल्यांदा आवडलं.

मग त्यांनी इअरफोन कापला. आतल्या तारा केसासारख्या, एक हिरवी, एक लाल, एक तांबूस, आणि प्रत्येकीत नायलॉनचे धागे गुंफलेले. सोल्डर धरेचना. तो रंग म्हणजे लाखेसारखा लेप असतो, तो काडीने जाळायला लागतो, मग आत तांबं दिसतं. घरभर जळका वास. आई म्हणाली, शंभर रुपयांचा नवा घ्या की. नवा घेऊन प्रश्न सुटणार नव्हता हे तिला समजावून सांगायला वेळ लागला. डावी आणि उजवी सरळ एकत्र जोडली तर फोनमधले दोन ॲम्प्लिफायर एकमेकांच्या तोंडाला तोंड देतात, तसं करायचं नसतं, म्हणून बाबांनी दोन्हीकडे ४७ ओहमचा एकेक रेझिस्टन्स घातला आणि मग जोड दिला. वर उष्णतेने आवळणारी काळी नळी. डावं बोंड त्यांनी कापून टाकलं. जोडाच्या जागी वायरीला एक गाठ आल्यासारखी दिसायची, अजगराने उंदीर गिळल्यावर दिसतं तशी. आवाज थोडा पडला होता. पण उजव्या कानात बासरी, गिटार, खुळखुळा, बाया, सगळं एकदम आलं.

ती वायर मी सहा वर्षं वापरली. पिनीच्या मानेशी तुटायची, बाबा डाग द्यायचे. पुन्हा तुटायची. शेवटी शेवटी तिच्यात मूळची फक्त गाठ उरली होती.

आता अर्धवट पिनीबद्दल. माझ्या वयाच्या सगळ्यांना हा खेळ माहीत असेल. इअरफोनची पिन पूर्ण न खोचता किंचित बाहेर ठेवली की गायक नाहीसा होतो. वाद्यं ऐकू येतात, कोरस येतो, आवाजाची नुसती घुमी सावली येते, पण मुख्य गळा गायब. मुलं ह्याला कराओके म्हणायची. होतं असं की मुळाशी असलेला परतीचा सांधा सुटतो. परत जायला वाट नाही, म्हणून डाव्याचा करंट उजव्या बोंडातून जायला बघतो आणि उजव्याचा डाव्यातून. दोन्ही बोंडं एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि त्यांच्यात उरते ती फक्त दोन बाजूंची वजाबाकी. गायकाचा आवाज बहुतेक गाण्यांत अगदी मधोमध, दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो. सारख्यातून सारखं गेलं की शून्य.

बाबांची वायर बनायच्या आधी मी आणि दादा बसमध्ये कधीकधी मुद्दाम पिन अर्धी काढून ऐकायचो. त्याला गंमत वाटायची. मला ते का आवडायचं ते इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. वजाबाकी झाली की दोन्ही बोंडांत एकच आवाज असतो. आम्ही दोघं अगदी तेच ऐकतोय असं फक्त तेव्हाच व्हायचं. गाणारी बाई तेवढी नसायची.

कऱ्हाडला इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमला होते तेव्हा कम्युनिकेशनच्या तासाला एफएम स्टिरिओ शिकवलं. बहुतेकांनी ते परीक्षेसाठी आकृती म्हणून पाठ केलं. मी मात्र हबकून बसले होते. अमेरिकेत १९६१ मध्ये स्टिरिओ प्रसारणाला परवानगी मिळाली तेव्हा लोकांच्या घरी लाखो जुने, एकाच स्पीकरचे एफएम रेडिओ होते. डावा आणि उजवा आवाज दोन वेगळ्या वाटांनी पाठवला असता तर त्या जुन्या रेडिओंना अर्धंच गाणं मिळालं असतं. माझ्यासारखं. म्हणून त्यांनी डावा अधिक उजवा ही बेरीज नेहमीच्या जागी, १५ किलोहर्ट्झपर्यंत ठेवली. डावा वजा उजवा ही वजाबाकी वर ३८ किलोहर्ट्झच्या आसपास लपवली आणि मध्ये १९ किलोहर्ट्झला खूण म्हणून एक बारीक शिट्टी ठेवली. जुना रेडिओ बेरीज ऐकतो आणि त्याला वर काही आहे हे माहीतही नसतं. नवा रेडिओ खूण ओळखतो, बेरजेत वजाबाकी मिळवतो, वजा करतो आणि दोन्ही बाजू सुट्या करून घेतो. बेरीज म्हणजे बाबांची वायर. वजाबाकी म्हणजे अर्धवट पिन. आमचं अख्खं घर त्या आकृतीत होतं. दहा मार्कांना आली होती, मला नऊ मिळाले.

ह्याच कऱ्हाडच्या हॉस्टेलवर, २०१६ च्या सप्टेंबरात, मी आयफोन सातचं अनावरण पाहिलं. तो आठवडा लक्षात राहायला आणखी दोन कारणं आहेत. ५ तारखेला, सोमवारी, गणपती बसले आणि त्याच दिवशी जिओ सुरू झालं. गावातल्या दुकानासमोर आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन रांग लागली होती. फुकट डेटा म्हणजे काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं, म्हणून सगळे सगळंच बघत होते. ७ तारखेला रात्री साडेदहाला आम्ही आठजणी एका लॅपटॉपभोवती. खोलीत एकीकडेही आयफोन नव्हता. ॲपलचे फिल शिलर यांनी जॅक काढल्याचं सांगितलं, कारणं दिली आणि मग त्या सगळ्याला एका शब्दात बांधलं: धैर्य. खोलीत हशा झाला. बाहेर मंडळाच्या आरतीचा स्पीकर चालू होता. माझ्या कानात बाबांची गाठीची वायर होती, कारण लॅपटॉपचा स्पीकर त्या गोंगाटात कुणालाच पुरत नव्हता आणि मी बाकीच्यांना काय म्हणाले ते सांगत होते.

मी हसले नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. आम्हाला वाटलं, श्रीमंतांचे चोचले, आपल्याला काय.

कारणं अगदीच पोकळ नव्हती हे आता इंजिनिअर म्हणून मान्य करायला हवं. ते भोक आत खोलवर जातं, फोनच्या पोटात जागा खातं. आणि वायर तुटते, गुंतते, दाराच्या कडीत अडकून फोन खाली पाडते, हे मला कुणी सांगायला नको. शिवाय पहिला मान ॲपलचा नव्हताच. त्याच वर्षी मोटो झेड आणि लेइकोचे फोन जॅकशिवाय आले होते आणि २०१४ मध्ये ओप्पोने एक पाच मिलिमीटरहून पातळ फोन तसाच काढला होता. पण त्या फोनांमुळे कुणी आपले फोन बदलले नाहीत. ॲपलमुळे बदलले. गूगलने त्याच वर्षी पहिल्या पिक्सेलच्या जाहिरातीत आपल्याकडे जॅक आहे म्हणून चिमटा काढला आणि पुढच्याच वर्षी पिक्सेल दोनमधून तो काढला. सॅमसंगने टिंगल केली आणि २०१९ मध्ये नोट दहामधून काढला. वनप्लसने २०१८ मध्ये. हे वाचताना मला आमच्या सोसायटीतल्या पार्किंगची आठवण येते. एकाने दगड ठेवून जागा अडवली की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर टीका करणाऱ्याच्या दारातही दगड असतो.

जॅक हे मुळात कुणाचंच नव्हतं, ही त्याची गंमत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बाया जी जाड पिन एका भोकातून काढून दुसऱ्यात घालायच्या, तिचं हे नातवंड. ती पाव इंचाची पिन गिटारला अजून चालते. ट्रान्झिस्टरसाठी तिची साडेतीनची आवृत्ती आली आणि १९७९ मध्ये सोनीच्या पहिल्या वॉकमनने ती जगभर नेली. त्या पहिल्या वॉकमनला दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकायला, आणि एक नारिंगी बटण होतं, जे दाबलं की गाणं दबायचं आणि दोघांना हेडफोन न काढता बोलता यायचं. एकट्याने ऐकायचं यंत्र बनवतानाही त्यांना दुसरा माणूस आठवला होता.

२०१८ मध्ये पहिल्या पगारात मी फोन घेतला आणि वर्षभराने कानात घालायची बिनतारी बोंडं. फार महाग नव्हती, कंपनीचं नाव घेत नाही. घरी आणून चार्ज केली, उजवं कानात घातलं आणि आवाज नाही. त्या जोडीत डावं बोंड मालक होतं. फोन फक्त डाव्याशी बोलायचा आणि डावं उजव्याला पुढे सांगायचं. डावं डबीत ठेवलं की उजवं मुकं. म्हणजे मला ऐकायचं असेल तर बहिऱ्या कानात एक बोंड घालून हिंडणं भाग होतं. मी दोन महिने हिंडले. त्यात आणखी एक शास्त्र आहे, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात आणि डोकं बरंचसं पाणीच असतं, त्यामुळे डावं-उजवं यांच्यातलं बोलणं मध्येच तुटायचं. मोकळ्या मैदानात जास्त, कारण आपटून परत यायला भिंत नसते.

पण हे सांगून झाल्यावर हेही सांगायला हवं. त्याच फोनच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटी नावाच्या ज्या कोनाड्यात कुणी जात नाही तिथे, एक टिचकी होती: मोनो ऑडिओ. ती चालू केली की फोन स्वतःच डावं-उजवं मिळवून देतो. रेझिस्टन्स नाही, जळका वास नाही, आवाज पडत नाही. बाबांनी एक अख्खा रविवार घालून जे केलं ते कुणीतरी दोन ओळींत केलं होतं आणि बरं केलं होतं. पुढे चांगली बोंडं घेतली, ज्यांतलं कुठलंही एक एकटं चालतं, आणि माझा प्रश्न संपला. घरी फोन करून मी बाबांना हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. मग ती वायर आता लागत नसेल." मी म्हटलं, नाही लागत. पलीकडे थोडा वेळ प्रेस शॉपचा धाड् धाड् आवाज येत राहिला.

माझी ऑफिसातली गोष्ट सांगितली नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. आमचं एक शिकवणीचं ॲप होतं, व्हिडिओ लेक्चरचं. त्यात 'फक्त आवाज' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की चित्र बंद, नुसतं शिकवणं ऐकायचं. वापर अगदी कमी, आलेखातली रेघ तळाला चिकटलेली, माझ्या डाव्या कानाच्या आलेखासारखी. हे तेव्हा मला सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचतंय. त्या बटणामुळे प्लेअरचा कोड दुपटीने किचकट झाला होता. ते काढून टाकायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते फार छान केलं. हजारावर ओळी उडवल्या. आमच्याकडे ओळी लिहिल्यापेक्षा उडवल्याचं कौतुक जास्त होतं, मॅनेजरने सगळ्यांसमोर केलं. तीन आठवड्यांनी सपोर्टकडून एक तक्रार पुढे आली. मुलगा रात्रपाळीला कुठल्याशा गोदामावर वॉचमन होता, स्पर्धा परीक्षा देत होता, फोन खिशात ठेवून फेऱ्या मारताना ऐकायचा. स्क्रीन चालू ठेवली तर बॅटरी पहाटेपर्यंत पुरत नाही, असं त्याने लिहिलं होतं. बटण परत आणा असंही नव्हतं लिहिलं. ते कुठे हलवलंय, सापडत नाही, असं विचारलं होतं. त्याला ठरलेलं उत्तर गेलं, सूचनेबद्दल आभार वगैरे. ते बटण परत आलं नाही. मी मागेही लागले नाही, दुसऱ्या कामात होते. त्याची मेल मी अजून तारा लावून ठेवली आहे, त्याने काय होणार आहे ते मला माहीत नाही.

त्या हॉलमध्ये वापरला गेलेला धैर्य हा शब्द मला आता विनोदी वाटत नाही, ओळखीचा वाटतो. आलेख समोर असला की धैर्य लागतच नाही.

बाबा २०२३ मध्ये निवृत्त झाले. तीस वर्षं प्रेसच्या आवाजात काढल्यावर जे व्हायचं ते झालं होतं. त्यांचा आलेख मी पाहिला. खालच्या पट्टीत बरा आणि ४००० हर्ट्झच्या जवळ दरीसारखा खाली. कारखान्यातल्या माणसाचा कान असाच जातो, आवाज कमी होत नाही, धार जाते. स, श, फ ही अक्षरं आधी जातात. आई "साखर संपली" म्हणाली की त्यांना काहीतरी "आकर अंपली" असं पोहोचतं आणि मग ते अंदाजाने उत्तर देतात. अंदाज चुकला की आई चिडते. त्यांना फटाक्यासारखा आवाज त्रास देतो आणि जवळचं बोलणं कळत नाही, म्हणून लोकांना वाटतं म्हातारा सोयीने बहिरा आहे.

त्यांच्यासाठी यंत्र बघायला गेलो तिथे मलाही एक दाखवलं. डाव्या कानामागे माइक, तो डावीकडचं ऐकतो आणि बिनतारी उजव्या कानात पाठवतो. दोन दिवस वापरायला दिलं होतं. हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये डावीकडे बसलेल्या मैत्रिणीला मी मान न वळवता उत्तर दिलं तेव्हा ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. बिनतारीबद्दल तक्रार करायचा माझा हक्क त्या क्षणी बराच कमी झाला. अजून घेतलेलं नाही, किंमत ऐकून बाबांचं आधी घेऊ म्हटलं.

बाबांचा जुना फोन मेला तो गेल्या पावसाळ्यात. त्यात एफएम होता. वायर खोचली तरच चालणारा, कारण ती वायरच त्याची एरियल असते. शंभर मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरची, तिचा पाव म्हणजे पाऊण मीटर, ते इअरफोनच्या लांबीत सहज बसतं. सरकारने २०२३ साली कंपन्यांना सांगितलं की फोनमधला एफएम बंद ठेवू नका, आपत्तीत उपयोगी पडतो. पण भोकच नसेल तर एरियल कुठे लावायची? दादाने बाबांना भारी फोन पाठवला, जॅक नसलेला, एफएमही नसलेला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला. "पिन कुठं लावायची गं?"

मी टाइप-सीतून साडेतीन करणारं एक चिटुकलं आणून दिलं. त्यांनी सवयीने मल्टीमीटर काढला. एक प्रोब ह्या टोकाला, एक त्या टोकाला. मीटर गप्प. दुसरा आणला, तो थोडा पीं पीं करत होता, पण तो ह्या फोनला चालत नव्हता. दिसायला दोन्ही जुळे. एकात आवाज बनवणारी चिप असते, दुसरा नुसता तारांचा, आणि कुठल्या फोनला कुठला लागतो ते डबीवर लिहिलेलं नसतं. बाबा चालणाऱ्या पण गप्प असलेल्या तुकड्याकडे बराच वेळ बघत होते. "यात आत काहीतरी बसलंय," ते म्हणाले, जसं एखाद्या बंद खोलीबद्दल म्हणावं. मग मी त्यांना स्कॉटी ॲलनचा २०१७ चा व्हिडिओ लावून दिला. शेन्झेनमध्ये राहून त्या माणसाने कित्येक महिने खपून आयफोन सातला परत जॅक बसवला होता. इंग्रजी बाबांना कळत नाही, आणि आता मराठीही अर्धंच, पण तो केस कोरायला लागला तेव्हा ते पुढे सरकून बसले. तो एक भाग बिघडवतो तिथे त्यांनी च् च् केलं. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं.

दिवाळीत घरी होते. संध्याकाळी बाबा गॅलरीत नुसतेच बसले होते, यंत्र काढून, त्यांना ते घालून कंटाळा येतो. मी माझ्या बोंडांची डबी काढली. डावं बोंड मी कधीच वापरत नाही, त्यामुळे ते नवंच्या नवं आहे, त्याची बॅटरीही उजव्यापेक्षा जास्त टिकते. ते त्यांना दिलं. आकाशवाणीच्या ॲपवर विविधभारती लावलं, आवाज वाढवला. मोनोची टिचकी चालूच होती.

आत स्वयंपाकघरात आईचा ट्रान्झिस्टर, पुणे, एकशे एक. हवेतून येणारा आवाज लगेच येतो, ॲपमधला फिरून फिरून येतो, त्यामुळे आई आमच्यापेक्षा जवळजवळ अर्धा मिनिट पुढे होती. निवेदिकेचं बोलणं चालू असतानाच ती आतून ओरडली की तुमचं आवडतं लागलंय. बाबांनी मला विचारलं ती काय म्हणाली. मी सांगितलं. मग आम्ही दोघं ते लागायची वाट बघत बसलो.